सैल पट्टा

बटण दाबलं आणि पातं खालून वर पळायला लागलं. बँडसॉचं, आमच्या विजेवरच्या करवतीचं, पातं वरून खाली उतरायला हवं, दातांची तोंडं खाली, म्हणजे लाकूड टेबलाला दाबून राहतं. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या नव्याकोऱ्या मोटरला कळलं नव्हतं. सबंध आठवडा मी त्या मोटरच्या पायी घालवला होता, बोटांची सालं काढून घेतली होती, आणि आता ती मेली उलटी फिरत होती. दादा दारात उभा होता. दोन्ही हात पँटच्या खिशात, कोपरापर्यंत. "उलटी चालतेय," तो म्हणाला. मी म्हटलं, "दिसतंय मला." "नाही, म्हटलं सांगावं," असं म्हणून तो खांदे उडवत बाहेर अंगणात गेला, आणि मी बटण बंद करून तिथेच, भुशात, फतकल मारून बसले. त्याच्या आवाजात जरासं समाधान होतं. मला ते ऐकू आलं, आणि हातात पाना होता म्हणून बरं, कारण मी तो नुसता आवळून धरला.

काम काय होतं तर खुर्च्या. एका वाचनालयाच्या वाचायच्या खोलीसाठी, कडक लाकडाच्या, पाठीला बाक असलेल्या. मागचे पाय आणि पाठ एकाच लाकडातून निघतात, खालून सरळ येतात आणि बसायच्या जागेपासून हळूच मागे झुकतात. ते झुकणं कापायचं काम आमच्या शेडमध्ये एकाच माणसाला येतं, आणि तो माणूस गेला आठवडाभर सांगत होता की नव्या मोटरवर मी उभा राहणार नाही. मला रंधा मारता येतो, सांधे करता येतात, पॉलिश येतं, गिऱ्हाइकांशी गोड बोलताही येतं. वळण कापता येत नाही. मी कापलेलं वळण नंतर कानशीनं आणि घासकागदानं मनवावं लागतं, दादाचं नुसतं पुसावं लागतं. तो उभा राहिला नाही तर खुर्च्या नाहीत, आणि खुर्च्या नाहीत तर ही शेड उघडून आम्ही दोघं बहीणभाऊ रोज सकाळी काय एकमेकांची तोंडं बघणार? नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा आप्पांनी काही विचारलं नव्हतं, रंध्याकडे बोट दाखवलं होतं. दादानं तर हातातलं लाकूडही खाली ठेवलं नव्हतं. "आलीस का चिमे, ते टोक धर," एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून मी टोक धरून आहे. ही शेड सोडून मला दुसरी जागा नाही, आणि दादा सोडून ह्या शेडला दुसरा दादा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी हा हट्ट.

मोटरच्या डोक्यावरचं झाकण उघडलं. आत तारा. त्यातल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या की मोटर सुलट फिरते, झाकणाच्या आतच चित्र काढून ठेवलेलं असतं, पण चित्र काढणाऱ्यानं ते मुंगीसाठी काढलं होतं. चष्मा वर ढकलला, खाली ओढला, शेवटी काढून दातांत धरला. आणि मनात आपलं चालूच, की मुळात ही मोटर मागितली कुणी? मी? मला काय पडलं होतं? ह्याच माणसानं! जुनी मोटर अर्ध्या घोड्याच्या ताकदीची, आप्पांच्या वेळची. तिच्यावर आमच्या अर्ध्या आयुष्याचं लाकूड कापून झालं. मग गेल्या वर्षभरात तिनं मधेच थांबायची सवय लावून घेतली. दादा लाकूड सरकवत असायचा, वळणावर आला की पट्टा पुलीवर घसरून किंचाळायचा, आणि पातं लाकडात अडकून उभं. मी रंध्यावरून ओरडायचे, "दादा, पट्टा घट्ट कर!" तो लाकूड मागे घ्यायचा, थोडा वेळ नुसता उभा राहायचा, मग पुन्हा सरकवायचा. पुन्हा किंचाळी. दिवसभर ते ऐकून माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. "पट्टा नाही गं, मोटर दमलीये," तो म्हणायचा. "म्हातारी झाली ती." मी खाली वाकून बघितलं नाही, कारण आमच्या शेडमध्ये तसा नियमच आहे. आप्पांनी घालून दिलेला. दुसऱ्याच्या मशीनला पाना लावायचा नाही. रंधा माझा, करवत दादाची. बोटं ज्याची त्याची, तेव्हा मशीनही ज्याची त्यानंच राखायची. आप्पा स्वतः त्या नियमानं वागायचे, माझा रंधा खडखडला तरी हात मागे बांधून उभे राहायचे आणि मला तोंडानं शिव्या घालायचे.

तर तो म्हणाला मोटर दमलीये, आणि मी भोळी, मला वाटलं की बिचाऱ्याला मोटर हवी आहे, मागायचा संकोच वाटतो. वाचनालयाचं काम आलं तसं मी म्हटलं, "चल, मोटरच बदलून टाकू. चांगली दणकट घेऊ." तर ह्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याची किडनी मागितली. नको म्हणे. जुनीच बरी. तिची सवय आहे. अरे, तूच म्हणालास ना दमलीये? म्हणालो गं, पण दमली म्हणजे मेली नाही. मग ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, तसं चाललं आमचं, जेवताना, काम करताना, शेडला कुलूप लावताना. शेवटी मी आणलीच. चौपट ताकदीची. आणली तेव्हा कळलं की तिचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, जाडा, जुनी पुली त्यावर बसत नाही. पुली घेऊन लेथवाल्याकडे गेले, तो म्हणाला, "ताई, एवढ्याशा मशीनला एवढी मोटर? नाकापेक्षा मोती जड." मी म्हटलं, तू भोक मोठं कर, नाकाचं मी बघते. त्यानं भोक मोठं केलं, तर खालच्या पत्र्याची भोकं जुळेनात. नवी भोकं पाडली, तर पत्रा वजनानं वाकायला लागला. पत्र्याखाली लोखंडी पट्ट्या लावल्या. ह्या सगळ्यात दादानं काय केलं? खिशात हात घालून बघितलं. त्याच्या मशीनला मी पाना लावत होते, आप्पांचा नियम त्याच्या डोळ्यांदेखत मोडत होते, आणि मी वाट बघत होते की आता हा खेकसेल, पाना हिसकावून घेईल, म्हणेल चल हो बाजूला. तो म्हणाला, "कर तुला काय करायचं ते." मला त्याचाच जास्त राग आला. जुनी मोटर सोडवली तेव्हा तिच्यामागून लाकडाची एक पाचर पडली, भुशानं माखलेली. खडखड होऊ नये म्हणून कधीतरी कुणीतरी घातली असेल, असं वाटून मी ती तुकड्यांच्या खोक्यात भिरकावली. "राहू दे ना ती," दादा म्हणाला. मी म्हटलं, "काय काय राहू देऊ? तुझी दाढी राहू दे म्हणतोस, तुझी पाचर राहू दे म्हणतोस."

ती दाढी हा आणखी एक वैताग. जन्मभर गुळगुळीत दाढी करणारा माणूस, रोज सकाळी अंगणातल्या आरशासमोर शीळ घालत वस्तरा फिरवणारा, त्यानं ह्या वयात दाढी वाढवली आणि ती शोभत नाही हे सांगितलं की हसतो. चहाचंही तसंच. पूर्ण कप भरून दिला की घेत नाही, अर्धाच हवा, आणि तोही तिथे ठेव म्हणतो, मग माझी पाठ वळली की घेतो. लग्नातली नवी नवरी परवडली! लाकडावर आखायचं कामही त्यानं माझ्या गळ्यात टाकलं. "तू आख, तुझे डोळे बरे आहेत." माझे डोळे! दातांत चष्मा धरून दोन तारा दिसत नाहीत मला. आणि हा माणूस न आखता कापायचा. मी लहान होते, गालफुगीनं अंथरुणात पडले होते, तेव्हा ह्यानं फळीच्या कडेतून एक चिमणी कापून आणली होती. नुसती नजरेनं, एका दमात, कुठेही न थांबता, चोचीपासून शेपटीपर्यंत. आप्पा तेव्हा दारात उभे राहून बघत होते आणि आईला म्हणाले होते, "पोराच्या हातात पाणी आहे." मला वाटलं होतं खरंच पाणी आहे, म्हणून मी त्याचा तळहात उलटा करून बघितला होता. ती चिमणी अजून माझ्या कपाटात आहे, तिची शेपटी तेवढी मोडली.

तारा बदलल्या. झाकण लावलं. बटण दाबलं. पातं वरून खाली उतरायला लागलं, आणि खरं सांगते, आवाज ऐकून माझा सगळा राग निवला. भरदार, एकसारखा, कुठे खळखळ नाही. पट्टा मी चांगला ताणून बसवला होता. एक टाकाऊ तुकडा सरळ कापून बघितला, लोण्यात सुरी गेल्यासारखं पातं गेलं. "दादा!" मी हाक मारली. "ये, बघ तरी!" बाहेर जाऊन बघितलं तर हा पायरीवर बसलेला, हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. म्हटलं, "चल, मशीन लागली." म्हणाला, "तू काप." म्हटलं, "मला येतं का वळण?" म्हणाला, "शिकशील." आणि मग माझी जीभ सुटली. म्हटलं, "काल मोटर वाईट होती म्हणून अडत होतं, आज मोटर चांगली आहे म्हणून अडतंय. नाचता येईना अंगण वाकडं!" त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता. मग त्यानं मान फिरवली आणि कुंपणापलीकडे बघत बसला. मी पाय आपटत आत आले.

कापते, म्हटलं. बघतेच. खुर्चीच्या मागच्या पायाचं लाकूड घेतलं, माझ्याच हातानं आखलेलं, आणि लावलं पात्याला. सरळ भाग सुरेख गेला. वळण आलं तशी मी लाकूड फिरवायला लागले, जरा जास्त फिरवलं, मग घाबरून उलट फिरवलं, आणि पातं लाकडात करकचून अडकलं. मला अंगवळणी पडलं होतं की आता पट्टा किंचाळणार आणि पातं थांबणार. थांबलं नाही. मोटरनं लाकूडच ओढून घेतलं, माझे हात लाकडाबरोबर पुढे गेले, आणि मग असा आवाज झाला की मला वाटलं वरचं घरच अंगावर कोसळलं. पातं तुटलं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते, हात वर धरलेले, बोटं डोळ्यांसमोर, एकेक बघत होते. सगळी होती.

वरून वहिनी धावत आली, कणीक तशीच हाताला. दादा तिच्याआधी पोचला होता, पण तो दारातच थिजला होता, पांढराफटक. वहिनीनं त्याच्याकडे आधी बघितलं, त्याच्या हातांकडे, मग माझ्याकडे. "तू होतीस होय मशीनवर," ती म्हणाली, आणि ह्या वाक्यात केवढा सुटकेचा श्वास होता तो तिचा तिलाच ऐकू आला असावा, कारण ती लगेच म्हणाली, "म्हणजे तुला लागलं नाही ना गं?" मी म्हटलं, नाही लागलं. तिनं दादाच्या कोपराला धरलं आणि त्याला वर घेऊन गेली, लहान मुलाला न्यावं तसं, आणि तो गेला. जिन्यावरून तिचा दबका आवाज आला, "सांगून टाका ना आता तिला." पुढचं ऐकू आलं नाही.

काय सांगून टाका? मी भुशात उभी. टेबलावर माझं फसलेलं वळण, पात्याचे दोन तुकडे. मला आधी संताप आला, की ह्या घरात मला न सांगायचं काहीतरी आहे, आणि ते वहिनीला माहीत आहे. मग मी मोटरच्या बाजूला बसले. आणि वाटलं, जुनी असती तर थांबली असती. अडकलं की पट्टा घसरला असता, किंचाळला असता, पातं उभं राहिलं असतं, आणि मी लाकूड मागे घेतलं असतं. जुन्या मोटरनं मला वाचवलं असतं. नाही, मोटरनं नव्हे, पट्ट्यानं. सैल पट्ट्यानं. पण बोल्टांची भोकं तर मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, मोटर मागे सरकवून पट्टा हवा तेवढा ताणता यावा म्हणून. हे दादाला मी शिकवायचं? त्यानंच मला शिकवलं. मग तो सैल राहिला कसा, वर्षभर, मी रोज बोंबलत असताना?

मी उठले आणि तुकड्यांचं खोकं भुईवर पालथं केलं. पाचर सापडायला वेळ लागला, कारण मी तिला कधी नीट बघितलंच नव्हतं. भुसा पुसला. कडक लाकडाची, मापात, मोटरच्या मागे अशी बसेल की मोटर एका ठरावीक जागेच्या मागे सरकूच नये. पट्टा ताणलाच जाऊ नये. कुणीतरी नव्हे, कधीतरी नव्हे; लाकूड अजून ताजं होतं. एक बाजू घासून गुळगुळीत केलेली, आणि दुसरी तशीच, करवतीनं कापलेली. त्या बाजूवरून मी अंगठा फिरवला. साध्या पाचरीची साधी सरळ रेघ. आणि ती लाटालाटांनी गेली होती, वर, खाली, वर, खाली, बारीक, एकसारखी. नवशिक्याची रेघ एकदाच भरकटते. ही भरकटली नव्हती, ही थरथरली होती.

वस्तरा. अर्धा कप. आखायची पेन्सिल. पाना. खिसे.

रडू येईल असं वाटलं, पण आधी आला तो संतापच. मूर्ख माणूस! हात लटपटतो तर डॉक्टरकडे जावं, बहिणीला सांगावं, मशीनपासून लांब बसावं. हा काय करतो, तर पट्टा सैल करून पाचर घालतो, म्हणजे हात हलला, लाकूड तिरकं झालं, की पातं आपोआप थांबावं. थांबलं की हात शांत होईपर्यंत उभं राहायचं. मग पुन्हा सरकवायचं. वर्षभर एवढी वळणं त्यानं अशी कापली, इंचाइंचानं, प्रत्येक इंचाला माझी आरडाओरड ऐकत. आणि ती सगळी वळणं मी नुसती पुसून घेतली होती. लपवायला म्हणून मोटरवर ढकललं, तर बहीण गेली आणि मोटर घेऊन आली. आता तोंड कुठे लपवणार? आणि मी त्याला अंगणात काय म्हणाले ते मला पुन्हा ऐकू आलं, माझ्याच आवाजात, म्हणीसकट. मला माझीच जीभ कापून त्या खोक्यात टाकावीशी वाटली.

वर जाऊन काय बोलणार होते? बोलले असते तर तो म्हणाला असता, बरं, आता कळलंच आहे तर मी नाही उभा राहत. एवढं सोपं. आणि मग तो पायरीवर बसला असता, हात मांड्यांखाली घालून, रोज. डॉक्टरचं मी उद्या काढणार होते, भांडूनच काढणार होते, त्याला फरफटत नेणार होते. पण ते उद्या. मी नवीन पातं चढवलं. मोटरचे बोल्ट ढिले केले, तिला पुढे सरकवलं, पट्टा बोटानं दाबून बघितला, आणखी सरकवलं. पाचर नव्या मोटरला थोडी जाड होत होती. रंध्यावर नेली, गुळगुळीत बाजूनं थोडी कमी केली. लाटांच्या बाजूला हात लावला नाही. मग ती मोटरच्या मागे ठोकून बसवली आणि बोल्ट आवळले.

"दादा!" जिन्याशी उभं राहून मी हाक मारली. "खाली ये. टोक धरायला माणूस नाही."

तो आला. कदाचित 'टोक' म्हटलं म्हणून आला असेल. खिशात हात घालूनच तो मशीनशी उभा राहिला. मी नवं लाकूड टेबलावर ठेवलं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन त्याचं टोक माझ्या दोन्ही हातांत धरलं. "तू फिरव," म्हटलं, "मी नुसती धरते." तो लाकडाकडे बघत राहिला. वहिनी जिन्यावर उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता. मी बटण दाबलं. मग त्यानं हात खिशातून काढले. माझ्या इतक्या जवळ, वर्षभरात पहिल्यांदाच. ते थरथरत होते, उजवा जास्त. मी नजर वळवली नाही, रोखूनही बघितलं नाही, लाकूड धरून राहिले. लाकडातून ती थरथर माझ्या तळहातांपर्यंत येत होती.

सरळ भाग गेला. वळण आलं. त्याचा हात हलला, लाकूड तिरकं झालं, पट्टा पुलीवर घसरून किंचाळला, आणि पातं थांबलं. त्या आवाजाला माझं तोंड सवयीनं उघडलं होतं. मी ते तसंच वापरलं.

"घ्या! ही मोटरसुद्धा दमते," मी म्हटलं. "एवढी नवीकोरी आणून फुकट गेली. जन्माची म्हातारी निघाली मेली."

दादा खाली वाकला. टेबलाखाली बघितलं. बराच वेळ तो तसाच वाकून होता, मला त्याची फक्त पाठ दिसत होती. मग तो सरळ झाला. दाढीत ओठ हलत होते, पण आवाज त्याचा होता, नेहमीचा, मोठ्या भावाचा, वैतागलेला.

"मी तुला आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "जुनीच बरी होती. पण तुला ऐकायचं असतं का कुणाचं?"

"नसतं," मी म्हटलं. "सरकव आता."

त्यानं हात शांत होईपर्यंत थोडा वेळ घेतला. मग लाकूड पुढे सरकवलं.